तीनशे कुंड्या आणि एक दिवा

नोव्हेंबरच्या चार तारखेला सकाळी आबुंदिओ त्लापाले हातात कॉफीचा पेला घेऊन आपल्या रोपवाटिकेत उभा होता. समोर नोचेबुएनाच्या, म्हणजे नाताळाच्या सुमारास शेंड्याची पानं लाल होणाऱ्या पॉइन्सेटियाच्या, तीनशे कुंड्या होत्या, आणि त्या हिरव्या होत्या. कोथिंबिरीसारख्या हिरव्या. कॉफी निवून गेली तरी त्याच्या ते लक्षात आलं नाही.

"अहो, खालच्या गावात सगळ्यांच्या नोचेबुएना लाल व्हायला लागल्यात," त्याची बायको एर्मिनिया मागून म्हणाली. "आपल्याच का बसल्यात अशा रुसून?"

एरवी हिरव्या राहिल्या असत्या तर आबुंदिओनं खांदे उडवले असते. पण यंदा अकरा वर्षांच्या प्रतीक्षेनंतर ग्वादालुपेच्या मातेच्या उत्सवाचा मान त्याच्या घराकडे आला होता. बारा डिसेंबरला देवळाच्या पायऱ्या वरपासून खालपर्यंत लालभडक करायच्या, असं त्यानं साऱ्या गावासमोर कबूल केलं होतं. तो लहान असताना त्याच्या वडिलांना हा मान मिळाला तेव्हा ऐन वेळी कडाक्याचं हिव पडून सगळी रोपं करपली. बापानं बिचाऱ्यानं रात्र जागून कागदाची फुलं केली. पहाटेच्या दवात त्यांचा रंग सुटला आणि पाद्रीबाबांचा पांढरा झगा गुडघ्यापर्यंत गुलाबी झाला. त्या दिवसापासून त्लापाल्यांना आमच्या गावात कोणी आडनावानं हाक मारली नाही. 'कागदवाले' म्हणूनच ते ओळखले जातात. आबुंदिओच्या लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा कुणीतरी पेन्सिलीनं तसं लिहिलं होतं. ते नाव यंदा पुसायचं होतं.

"पाणी वेळेवर, खत वेळेवर," तो पुटपुटला. "मग अडलंय कुठं?"

एर्मिनियानं पाण्याच्या टाकीमागं बोट दाखवलं. तिथं भिंतीच्या आडोशाला तीस कुंड्यांची एक रांग होती आणि तिचे शेंडे चांगले लालसर झाले होते. आबुंदिओनं त्या रांगेकडे पाहिलं, मग उरलेल्या नऊ रांगांकडे आणि मग हळूहळू मान वर केली. भिंतीपलीकडे, गल्लीच्या तोंडाशी, नवा कोरा दिव्याचा खांब उभा होता.

नोचेबुएनाला लाल व्हायला लांबलचक काळोखी रात्र लागते. जरा उजेड दिसला की तिला वाटतं अजून उन्हाळाच चाललाय. हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आबुंदिओला तर पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. पण तो खांब मिळवण्यासाठी सहा वर्षं अर्ज त्यानंच केले होते, आणि सप्टेंबरात दिवा लागला तेव्हा फीतही त्यानंच कापली होती. त्या आनंदात तो दिवा कुणावर पडतोय हे बघायचं राहून गेलं.

"त्या दिवशी तुम्ही भाषण केलंत," एर्मिनिया म्हणाली. "'आता आमच्या गल्लीत अंधाराला जागा नाही.' मला आठवतंय."

"मलाही आठवतंय," आबुंदिओ थकून म्हणाला आणि नगरपालिकेत जायला निघाला.

नगरपालिकेत दिव्यांचं काम लिओबार्दो नावाच्या कारकुनाकडे होतं. त्यानं शांतपणे फाईल काढली, थुंकी लावून पानं उलटली आणि एका कागदावर बोट ठेवलं.

"आबुंदिओभाऊ, हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"वाचा."

"'हा दिवा एक रात्रही बंद राहू नये, ही नम्र विनंती,'" आबुंदिओनं वाचलं.

"खाली एकेचाळीस सह्या आहेत. बंद करायचा तर त्याच एकेचाळीस जणांच्या सह्या आणा. आणि एक सांगतो, त्याला बटण नाहीये. अंधार पडला की आपला आपण लागतो. तुम्हीच म्हणाला होतात ना, बटण ठेवलं तर कुणीतरी बंद करेल?"

आबुंदिओ सह्या गोळा करायला गल्लीत फिरला. पण दिव्याखाली आता संध्याकाळी बायकांचा सोंगट्यांचा डाव बसत होता. शेजारच्या रुफिनानं तिथंच तामालेंचं, म्हणजे पानात उकडलेल्या मक्याच्या पुरचुंड्यांचं, पातेलं मांडलं होतं आणि तिचा धंदा दुपटीनं वाढला होता.

"सहा वर्षं सहीसाठी तुम्हीच आमच्या मागं लागला होतात," रुफिना पातेल्यावरचं फडकं सारखं करत म्हणाली. "आता म्हणता पुसा! आम्ही काय तुमच्या घरचे नोकर आहोत का, कागदवाले?"

मग उरली पेलाहिया आत्या. आबुंदिओची ही आत्या ब्याऐंशी वर्षांची. सहा वर्षांपूर्वी अंधारात याच गल्लीत पडून तिनं खुबा मोडून घेतला होता, आणि खरं तर तिच्यासाठीच पहिला अर्ज गेला होता. तिच्या दारापर्यंत जाऊन आबुंदिओ परत फिरला. रोज संध्याकाळी काठी टेकत जपमाळेला जाणाऱ्या म्हातारीला 'तुझा दिवा विझवू का' असं विचारायला त्याची जीभ रेटेना.

राहिला एकच उपाय. काळं प्लॅस्टिक. रोज पाचच्या आत नऊ रांगा झाकायच्या आणि सकाळी आठला उघडायच्या. पाच आठवडे हे नेमानं केलं तर उत्सवापर्यंत पुरेसा रंग चढला असता. दोनशे सत्तर कुंड्या, म्हणजे दोनशे सत्तर तान्ही पोरं निजवावीत आणि उठवावीत तसलं काम. तिसऱ्या दिवशी आबुंदिओची कंबर धरली. आठव्या दिवशी तो कॉफी पीत असताना उभ्या उभ्या झोपला. त्यातच झाकण टाकून झालं की नवराबायको दोघांनाही उत्सव समितीच्या बैठकीला जावं लागायचं, आणि आमच्याकडच्या बैठका कधी संपतात हे समितीलाही माहीत नसतं; परतली की दोघं थेट अंथरुणात.

पहिल्या आठवड्यातच सकाळी प्लॅस्टिक बाजूला पडलेलं सापडू लागलं. "वारा," आबुंदिओ म्हणाला, आणि त्यानं कडांवर विटा ठेवल्या. दुसऱ्या दिवशी विटा भिंतीशी नीट रचून ठेवलेल्या होत्या.

"वारा बराच टापटिपीचा दिसतोय," एर्मिनिया म्हणाली.

मग त्यानं दोऱ्या बांधल्या. दोऱ्या सोडून, गुंडाळून, खिळ्याला अडकवलेल्या मिळाल्या. त्याला मागच्या वर्षीच्या मानकऱ्याचा संशय आला, मग बकऱ्यांचा, मग खुद्द लिओबार्दोचा. पण पहारा द्यायचा तर बैठक चुकवावी लागली असती, आणि मानकरी बैठकीला नाही म्हणजे गावाला नवं नाव ठेवायला निमित्त. अखेर नऊ डिसेंबरला समितीच्या अध्यक्षांना पडसं झालं, बैठक रद्द झाली आणि आबुंदिओ टाकीमागं स्टूल टाकून बसला.

साडेसहाला काठीचा आवाज आला. पेलाहिया आत्या जपमाळेहून परतत होती. तिनं फाटक ढकललं, काठी भिंतीला लावली आणि एक एक वीट उचलून रचायला लागली. मग प्लॅस्टिक दूर केलं.

"घ्या गं बायांनो, श्वास घ्या," ती रोपांना म्हणाली. "मेला गुदमरवून मारतोय तुम्हाला."

"आत्या!" आबुंदिओ ओरडला.

"कोण? आबुंदिओ? इथं काय करतोस? बरं झालं भेटलास. अरे, मातेची फुलं अशी कोंडून ठेवतात होय? रोज मी सोडवते त्यांना. खुबा ठणकतो माझा, पण सोडवते. सोमवार नाही चुकवला की रविवार नाही."

"आत्या, त्यांना अंधार लागतो."

"गप. अंधार कुणालाही लागत नाही. मला विचार." तिनं खांबाकडे पाहिलं आणि तिचा आवाज मऊ झाला. "तू हा दिवा आणलास म्हणून मला ती दिसली तरी. देव तुझं भलं करो, बाळा."

आबुंदिओला रडू आलं. राग होता, पण तो कुणावर काढायचा हेच कळेना. त्यानं आत्याचा हात धरला आणि तिला घरापर्यंत पोचवलं. परत आल्यावर त्यानं प्लॅस्टिक पुन्हा टाकलंच नाही. तीन दिवसांत काय होणार होतं?

अकरा तारखेला दुपारी त्यानं कुंड्या देवळात नेल्या. पायऱ्यांवर हिरव्या कुंड्यांचा ढीग बघून तो हातातली कुंडी तशीच धरून उभा राहिला.

"बसा तुम्ही," एर्मिनिया म्हणाली. "लाल तीसच आहेत, त्या विखरून टाकल्या तर दिसायच्याही नाहीत. उजव्या अंगाला एकत्र ठेवते, पालखी तिकडून येते. हिरव्या जितक्या मावतील तितक्या डाव्या अंगाला, बाकीच्या मागं अंगणात."

"आणि मधली जागा?"

"माझ्या चुलतभावाकडं निशिगंध पडून आहे, लग्न मोडलं म्हणून. तो मधे लावते. झाकलं तर जाईल काहीतरी."

बाराला सकाळी पालखी आली. आबुंदिओ टोपी डोळ्यांवर ओढून पार मागं, देवळाच्या खांबाच्या आड उभा राहिला. त्याला फक्त 'कागदवाले' हा शब्द कुठून येतो तेवढं ऐकायचं होतं. मग पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढली.

"झेंडा आहे!" तो म्हणाला. "हिरवा, पांढरा, लाल! आपला झेंडा मातेच्या पायाशी!"

टाळ्या पडल्या. कुणीतरी जयजयकार केला. बँडवाल्यांनी न सांगता राष्ट्रगीत सुरू केलं आणि पाद्रीबाबा छातीवर हात ठेवून ताठ उभे राहिले. "काय डोकं आहे!" रुफिना डोळे पुसत म्हणाली. "म्हणून हिरवी ठेवली होय! आणि आपण त्याला सही नाही दिली!" लोकांनी आबुंदिओला खांबाआडून ओढून पुढं आणलं. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत त्याला 'त्लापाले' अशी हाक ऐकू आली. त्याचे डोळे भरून आले, आणि आपण काहीच केलेलं नाही हे सांगायला त्यानं तोंड उघडलं. पण बँडपुढं कुणाचं काय चालतंय?

बँड थांबल्यावर लिओबार्दो पायरीवर चढला. नगरपालिकेतर्फे त्याच्या हातात कागद होता.

"अशा माणसाचा सन्मान व्हायला हवा," तो म्हणाला. "त्लापाले यांच्या रोपवाटिकेच्या दुसऱ्या बाजूला, पाण्याच्या टाकीशी, आणखी एक दिवा मंजूर झाला आहे. या वेळी अर्जसुद्धा लागला नाही!"

"आणि पुढच्या वर्षीचा मानही त्यांनाच!" समितीचे अध्यक्ष शिंकत ओरडले. "झेंडा झाला, आता पुढच्या वर्षी सगळ्या पायऱ्या लालभडक! कबूल?"

"कबूल!" गाव ओरडलं. सगळ्यांत मोठा आवाज पेलाहिया आत्याचा होता.

दोघं घरी निघाली. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर आबुंदिओ खांबाला टेकला आणि त्यानं कंबर चोळली.

"एर्मिनिया," तो म्हणाला, "बाबांची ती कागदाची फुलं कापायची कात्री माळ्यावर आहे ना अजून?"

"आहे," एर्मिनिया म्हणाली. "या खेपेला रंग तेवढा पक्का बघून आणा."