कामाची एक ओळ

ज्याच्याकडे स्वतःविषयी सांगण्यासारखं पुष्कळ असतं, त्याला दुसऱ्या कामाची गरज उरत नाही. आमच्या विस्कॉन्सिनमधल्या विद्यापीठात प्राध्यापक एल्डन क्रूगर यांनी या तत्त्वावर अख्खा संगणक विभाग उभा केला.

विभागात एकाच जातीचे प्रोग्रॅम लिहिले जात. चालवला, की प्रोग्रॅम स्वतःचाच मजकूर स्वल्पविरामासकट पडद्यावर छापतो आणि थांबतो. (थांबणं हा त्याचा सर्वांत उपयुक्त भाग.) प्रोग्रॅमने स्वतःची फाइल उघडून बघणं निषिद्ध, ती कॉपी झाली. क्रूगरसरांचा प्रोग्रॅम जगात सर्वांत आखूड असल्याचं विभागाच्या पत्रकात जाहीर झालं होतं. पत्रक क्रूगरसरच लिहीत.

तिथं पाकू शिओंग पीएच.डी.ला आली. तिचे वडील शहराचा बर्फ काढणारा ट्रक चालवत. आदल्या हिवाळ्यात शेजारच्या बाईंची रुग्णवाहिका बर्फात अडकली, आणि बाई परत आल्या नाहीत. म्हणून पाकूने प्रोग्रॅम लिहिला: बर्फ पडला, की कुठला रस्ता आधी मोकळा करायचा.

"हे छापतं काय?" क्रूगरसरांनी विचारलं.

"रस्त्यांची नावं, सर."

"आणि स्वतःला?"

"नाही."

"मग याला काही स्वाभिमान?"

समितीने तिला एकमताने नापास केलं. पाकू हट्टी. महिन्याभरात तिने तोच प्रोग्रॅम असा लिहून आणला, की तो आधी स्वतःला बिनचूक छापी आणि खाली एका ओळीत रस्ते सांगे. सरांचे डोळे भरून आले. मग ती खालची ओळ दिसली.

"अगं, एवढी काढून टाक. आत्ता सही करतो."

"सर, कामाची तेवढी एकच ओळ आहे."

"म्हणूनच खटकतेय ना!"

पाकूने लॅपटॉप मिटला. "मग तुमची सहीही राहू दे, सर. तीसुद्धा खालीच असते."

प्रोग्रॅम तिने शहराला देऊन टाकला. जानेवारीत वादळ आलं. दवाखान्याचा रस्ता उजाडायच्या आत मोकळा. मग शाळा, मग दुकानं. आमचा विभाग यादीत तळाला होता. (तिथे कुणाचं काही अडत नाही, हा निष्कर्ष प्रोग्रॅमने स्वतःच काढला.) दुसऱ्या दिवशी पाकूचे वडील ट्रक घेऊन पोचले, तेव्हा आत अडकलेल्या प्राध्यापकांनी गार सॉसेज खात वार्षिक परिषद उरकली होती आणि एकमेकांना पुरस्कारही दिले होते.

"रस्ता झालाय, साहेब. घरी जा," ते दारातून म्हणाले.

"जरा थांबा हो," क्रूगरसर खेकसले, "आभारप्रदर्शन राहिलंय."

तुम्ही हसताय, ते ठीकच. पण देशाच्या परिस्थितीवर काल जेवताना तुम्ही जे ठणकावून सांगितलंत, ते गेल्या दिवाळीतही शब्दन् शब्द तेच होतं. फक्त तुमच्या घरच्यांना बाहेर पडायला रस्ता मोकळा करून द्यायला कुणी आलेलं नाही.