थेंबोबा पडले

"आज असा थेंब टिपतो, की फोटो बघून माणसाला तहान लागेल!"

ही गर्जना थेंबोबांची. नाव गल्लीने ठेवलेलं. निवृत्तीनंतर त्यांनी कॅमेरा घेतला आणि तेव्हापासून पानावरच्या थेंबापलीकडे त्यांना जग दिसेना. फोटो ढीगभर! निम्मे धूसर, उरलेल्यांत त्यांचंच बोट.

"आज एक तरी थेंब धड टिपला नाही, तर कॅमेरा माळ्यावर!" कामाला निघालेली बायको म्हणाली. "आणि चादर मळवू नका."

बेत पक्का होता. गुलाबाच्या पानाच्या टोकाला थेंब, मागे फूल. थेंबात ते फूल उलटं दिसतं, मोहरीएवढं. ऊन फार कडक, म्हणून झाडासकट स्वतःवर पांढरी चादर ओढायची, पालथं पडायचं आणि श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. फुंकर लागली की थेंब गेला!

इथून एकाच बागेच्या तीन गोष्टी होतात.

*शेजारच्या काकूंनी कुंपणावरून पाहिलं ते:*

पांढरी चादर. चादरीबाहेर दोन पाय. हालचाल नाही.

"अहो थेंबोबा! बरं आहे ना?"

उत्तर नाही. कसं देणार? थेंब!

*बायकोने फोनवर ऐकलं ते (ती शिवणाच्या दुकानात, तोंडात टाचण्या):*

"अगं, तुझा नवरा बागेत पडलाय!"

"पडू द्या. रोजच पडतात."

"अंगावर चादर आहे गं!"

"मीच दिली."

"श्वास घेत नाहीयेत!"

"नसतील घेत. थेंब हलतो ना."

काकूंनी फोन छातीशी धरला. बिचारीच्या डोक्यावर परिणाम झाला!

*दादाला कळलं ते:*

"गेला."

दादा म्हणजे थोरला भाऊ, दोन गल्ल्या पलीकडचा. एका आरशाच्या कपाटाच्या वाटणीवरून वर्षभर अबोला. तो धावत आला. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर फेस, एका पायात चप्पल!

"अरे, मला न सांगता गेलास?" तो चादरीपाशी मटकन बसला. "शाळेत माझ्या वाटचा मार तू खाल्लास रे! तुझ्यासारखा भाऊ... कपाट ने, आरसा ने, पण ऊठ!"

चादरीखाली थेंबोबांनी कान टवकारले. साठ वर्षांत दादाने "बरा आहेस" एवढंही कधी म्हटलं नव्हतं! उठावं? पण थेंबात फूल नुकतं उमटत होतं. आणि खरं सांगायचं तर, दादा अजून बोलत होता!

तेवढ्यात सगळा काळोख झाला.

"दादा," चादरीतून आवाज आला, "जरा सरक. उजेड अडतोय."

"बोलला! गेलेला बोलला!" काकू किंचाळल्या आणि मागच्या मागे पाण्याच्या बादलीत बसल्या.

दादाने चादर फरकन ओढली. झाडापलीकडून वाकून आधी मिठी मारली, मग पाठीत एक सणसणीत धपाटा! त्या धपाट्याने बटण दाबलं गेलं आणि थेंब मातीत गेला.

संध्याकाळी बायकोने फोटो पाहिला. पान रिकामं. त्यामागे अर्ध्या दाढीचा, लाल डोळ्यांचा, आ वासलेला चेहरा. केस न् केस स्पष्ट!

"थेंब कुठाय?"

"नाही आला," थेंबोबा म्हणाले. "दादा आला."

ती डोळे पुसून म्हणाली, "ठरलं ते ठरलं. चढा."

थेंबोबांनी कुरकुर केली नाही. कॅमेरा पोटाशी धरून माळ्याकडे चढताना ते चक्क हसत होते. खाली स्टूल दादाने धरलं होतं, दोन्ही हातांनी.

"डुगडुगतंय, गाढवा! नीट उभा राहा!" तो ओरडला. "एकदा गेलास तेवढं पुरे!"