गाडीला अस्तर

"गाडीची जमीन गार लागली, तर मी आपली आगगाडीनं जाईन. तुम्ही या तुमच्या त्या पत्र्याच्या डब्यातून, सावकाश."

बाईंनी एवढं सांगितलं आणि पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या. टेलरमास्तरांच्या हातातली सुई मात्र जागच्या जागी थांबली.

दोघांची लेक दूर, डोंगरावरच्या गावी होती आणि तिला पहिलं बाळ झालं होतं. दोघांनी मिळून जायचं म्हणून तर मास्तरांनी बेकरीची पाव पोचवायची जुनी गाडी घेतली होती, तिच्यात पलंग, शेगडी आणि कपाट बसवलं होतं. दुकान आणि नोकरी सांभाळता सांभाळता दोघांचा एकत्र प्रवास असा कधी झालाच नव्हता. आताही बाई आगगाडीत आणि आपण एकटेच या गाडीत, हे मास्तरांना मुळीच पटेना. बरं, बाईंचंही चुकत नव्हतं. त्यांची सगळी नोकरी शीतगृहात, गार फरशीवर उभ्यानं फळांच्या पेट्या भरण्यात गेली होती. थंडी पडली की त्यांच्या पायांची बोटं बधिर व्हायची, आणि गाडीचा पत्रा तर नुसता बर्फ होता.

"त्यात काय एवढं! कोटाला अस्तर लावतो, तसं गाडीला लावू," मास्तर म्हणाले.

इथंच घोडं पेंड खाणार होतं, कारण मास्तरांच्या धंद्यात अस्तराची जाडी कोणी मापात धरत नाही. त्यांनी आधी बुचाचे तक्ते अंथरले. खालून वारा येतो असं वाटलं, म्हणून त्यावर फोम टाकला. फोमवर शेगडी डुगडुगायला लागली, म्हणून त्यावर प्लायवूड ठोकलं. प्लायवूड पायाला गारच लागलं. मग त्यांनी दुकानात पोत्यांनी साठलेले लोकरीचे तुकडे काढले. शेजारपाजारच्या झाडून सगळ्या कोटांची उरलेली कापडं ती. त्यांची जाडजूड गादी शिवून अंथरली. कपाटाचं दार जमिनीला अडायला लागलं, तेव्हा पँट आखूड करावी तसं तेही खालून आखूड केलं.

"मास्तर, कॉलर कधी लावताय गाडीला?" समोरचा गॅरेजवाला येता-जाता विचारायचा.

सर्वांत वर गालिचा आला. तो कापताना मास्तरांनी सवयीनं चारी बाजूंनी दोन बोटं जादा कापडाची माया सोडली. गिऱ्हाईक अंगानं सुटलं तर उसवून वाढवता येतं ना!

सकाळी बाई पाहणीला आल्या. मास्तरांनी त्यांना हात देऊन वर घेतलं, सरकतं दार जोर लावून ओढलं, आणि बाई ताठ उभ्या राहिल्या.

ठाण्!

"अगं बाई गं! डोकं फुटलं माझं!"

मास्तर शेजारीच, त्याच छताखाली, आरामात उभे होते. बाई त्यांच्यापेक्षा चांगल्या उंच. पण हे त्यांच्या ध्यानात कुठलं यायला?

"असं कसं? तुझं माप तर मला पाठ आहे. खांदा, बाही, कंबर, मानेपासून घोट्यापर्यंत..."

"आणि मानेच्या वर?"

जन्मात मास्तरांनी कोणाचं डोकं शिवलं नव्हतं.

"थांब, आत्ताच्या आत्ता उपटतो सगळं. पहार घेऊन येतो," म्हणत ते दाराकडे धावले. दार ढिम्म हललं नाही. गालिच्याची माया दारात गच्च अडकली होती. ड्रायव्हरच्या बाजूला होती फक्त एक छोटी खिडकी. आरडाओरडा ऐकून गॅरेजवाला पुढून चढला आणि त्या खिडकीत त्याचं तोंड दिसलं.

"वहिनी, काळजी करू नका. दार खोलतो. मास्तर, मग दोन थर काढून टाकू?"

मास्तरांनी घाबरत बाईंकडे पाहिलं. उभं राहता येईना म्हणून त्या पलंगाच्या कडेला टेकल्या होत्या आणि खाली पायांकडे बघत होत्या. चपला बाजूला होत्या.

"आगगाडीचं तिकीट काढू का गं?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"बोटं हलतायत," बाई म्हणाल्या.

"काय?"

"माझ्या पायाची बोटं. ऐन थंडीत, मोज्यांशिवाय! जमिनीला कोणी हात लावाल तर खबरदार."

"अगं, पण तुला इथे उभं राहता येणार नाही."

"सगळी नोकरी उभ्यानंच केली मी. आता बसून जग बघेन. ज्याला उभं राहता येतं, त्यानं शेगडीपाशी उभं राहावं."

मास्तरांचे डोळे भरून आले. मापात चूक करूनही गिऱ्हाईक खूश, असं त्यांच्या दुकानात कधी घडलं नव्हतं. बाईंचे, गॅरेजवाल्याचे, कोट शिवून घेणाऱ्या सगळ्या शेजाऱ्यांचे, कोणाकोणाचे आभार मानू असं त्यांना झालं. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

"मग मास्तर, मलाही अर्धा कप चहा!"

मास्तरांनी शेगडी पेटवली, आधण ठेवलं, आणि साखरेचा डबा हातात धरून ते तसेच उभे राहिले.

"अगं," त्यांनी ओशाळून विचारलं, "तुझ्या चहात साखर किती?"

बाईंनी पाय गालिच्यावर आणखी लांब पसरले.

"दोन चमचे. हेही माप आता पाठ करून ठेवा."