दोन संशयी आणि एक बाटली

बाटली बघताच भैयासाहेब गादीवर हातभर मागे सरकले. त्यांच्या मुलीला, सुमंगलाला, आपल्या मुलासाठी बघायला धारहून देवासला आलेल्या प्रतापरावांनी ती मोठ्या थाटात बैठकीत ठेवली होती.

"खास महूच्या छावणीतून मागवली, भिया! तांब्याच्या भट्टीत गाळलेली, लाकडी पिपात बारा वर्षं मुरलेली रम!"

बारा वर्षं! भैयासाहेबांचे काकाही तेव्हाच गेले होते, याच प्रतापरावांकडे जेवून आल्यावर. वैद्यांनी अजीर्ण सांगितलं. काकांनी त्या पंगतीत किती लाडू हाणले ते सांगायची सोय नाही, पण घरच्यांनी विषच धरलं. आता मुलगा चांगला, पत्रिका जुळलेली, फक्त प्रतापरावांचा होकार बाकी. रम नाकारावी तर सोयरीक मोडणार, आणि प्यावी तर कन्यादानाला बाप उरायचा नाही!

त्यात प्रतापरावांनी सोबत छावणीतला गोरा डॉक्टर आणलेला. 'डॉक्टर कशाला? म्हणजे विष द्यायचं आणि मेल्याचा दाखलाही जागच्या जागी!'

बूच काढून आणतो म्हणून भैयासाहेब बाटली घेऊन आत गेले. त्यांच्या पत्नी सगुणाबाई दाराआडच उभ्या होत्या.

"अहो, गटकन पिऊ नका हं! आधी उजेडात धरून रंग बघा. मग वास घ्या. मग जिभेला थेंबभर लावून थांबा. जीभ बधिरली की थुंका."

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"दात दुखतो म्हणा!"

भैयासाहेबांनी बाहेर येऊन प्याले भरले. बाटली आत जाऊन आल्यापासून प्रतापरावांचीही नजर काही बरी दिसत नव्हती.

"घ्या ना, भैयासाहेब."

"छे छे, पाहुणे आधी."

"वा! मान यजमानांचा."

डॉक्टर बिचारा दोघांची वाट बघत बसला. शेवटी दोघांनी एकदमच प्याले उचलले. भैयासाहेबांनी खिडकीकडे धरून रंग पाहिला, प्रतापरावांनीही पाहिला. भैयासाहेबांनी हुंगलं. गूळ, पिकलं केळं, जुनं लाकूड आणि आणखी कसलासा ओळखू न येणारा वास. त्यांनी पुन्हा हुंगलं. मग डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन एक थेंब जिभेवर ठेवला. जीभ पोळली, मग गोड झाली, मग चक्क बधिर!

'मेलो!' म्हणत त्यांनी पिकदाणी ओढली आणि थुंकले. लगेच प्रतापरावांनी तीच पिकदाणी ओढली आणि तेही थुंकले.

झालं, बुडालं लग्न! "माझा दात..." भैयासाहेबांनी कशीबशी सुरुवात केली.

तोच डॉक्टर टाळ्या पिटत उठला. "वाह साहब! विलायत में पुराना रम का बड़ा पारखी ऐसा ही करता! पहले रंग, फिर खुशबू, फिर एक बूंद. थूकता भी है! इधर तो सब पानी माफिक गटकता."

"लहानपणापासून सवय आहे," भैयासाहेब म्हणाले.

"आमच्याकडे तर आजोबांपासून," प्रतापराव कसले मागे राहतात!

डॉक्टर इतका खूश झाला की त्यानं कोटातून स्वतःची चपटी बाटली काढून दोघांना दोन प्याले भरले. "अब हमारा चखो!"

प्रतापरावांचा चेहरा उतरला. ते गादीवरून सरकत सरकत भैयासाहेबांच्या कानाशी आले.

"अहो व्याही, या गोऱ्याचा काय भरवसा? तुम्ही आधी हुंगा बरं."

व्याही! म्हणजे लग्न ठरलं! भैयासाहेबांचे डोळे भरून आले आणि त्या आनंदात त्यांनी प्याला एका दमात रिकामा केला.

प्रतापरावांनी मात्र आपला प्याला हळूच खाली ठेवला आणि ते व्याह्यांकडे टक लावून बघत बसले.