सर्व भाग ओरिजिनल

जाहिरातीत "सर्व भाग ओरिजिनल" हे शब्द हेडक्लार्कांनी अगदी शेवटी घातले, तेही ओळ अर्धी रिकामी दिसत होती म्हणून. "सुंदर नवी केलेली, जुनी, छोटी, कौटुंबिक गाडी विकणे आहे" एवढ्यावर थांबले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. पण पाणीपुरवठा कार्यालयात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला ओळ कोरी सोडवत नाही. (कोऱ्या जागेत कोणी भलतंच काही घुसडेल ही भीती. इथे घुसडलं ते स्वतःच.)

गाडी मात्र खरोखर देखणी होती. भंगारवाल्याच्या अंगणात कोंबड्या तिच्यात अंडी घालत असत. तिथून ती हेडक्लार्कांनी उचलून आणली आणि चार वर्षं पोर्चमध्ये, ताडपत्रीच्या आड, तिची सेवा केली. आता त्याच अंगणातली दुसरी एक गंजकी गाडी त्यांच्या मनात भरली होती. बायकोने स्पष्ट बजावलं होतं, "पोर्चमध्ये एका वेळी एकच. हिला पाठवा, मग तिला आणा." म्हणून ही विक्री.

जुन्या गाडीचे भाग बाजारात मिळत नाहीत. मग हेडक्लार्क ते घरात शोधायचे, आणि शोधलं की घरात सगळं मिळतं. गजराच्या घड्याळाची काच स्पीडोमीटरला बसली. पीठ चाळायच्या चाळणीची कड हेडलाइटला मापाने केल्यासारखी आली. कैलासवासी सासऱ्यांची काठी गेली माळ्यावर आणि तिची पांढरीशुभ्र मूठ आली गिअरवर. "अहो, चाळणी पाहिलीत का?" असं बायकोने विचारलं की हेडक्लार्क ऑफिसच्या सवयीने "चौकशी चालू आहे" म्हणायचे. एकदा चौकशी फारच जवळ आली तेव्हा ते हळूच म्हणाले, "आईंचं वय झालंय गं. कुठे ठेवतात, लक्षात राहत नसेल."

आई म्हणजे सासूबाई. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवून लेकीकडे राहायला आलेल्या. त्या एका वाक्यापासून त्यांना दोन वेळा स्मरणशक्तीचं कडू औषध सुरू झालं आणि लेक रोज सकाळी "आई, आज वार कुठला?" असं विचारू लागली. सतराचा पाढा उलटा म्हणणाऱ्या बाईंना स्वतःचाच संशय यायला लागला. चष्मा उशीजवळ, छत्री दाराआड, असं त्या वहीत लिहून ठेवू लागल्या. ती वही दिसली की हेडक्लार्कांना वाईट वाटायचं, अगदी मनापासून वाटायचं. सगळं कबूल करून टाकावं असंही यायचं मनात. पण तोवर डावा हेडलाइट राहिलेला असायचा.

म्हणून गाडी विकली जाण्याइतकंच आणखी एक महत्त्वाचं होतं. सासूबाईंनी तिच्यात बसता कामा नये.

जाहिरातीतलं "ओरिजिनल" वाचून आले ते दातांचे डॉक्टर. जुन्या गाड्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. खिशातून छोटी बॅटरी काढून त्यांनी गाडीची एकेक फट तपासली.

"कौटुंबिक म्हटलंय ना? मग कुटुंब बसवून दाखवा," ते म्हणाले. "माझी आई मागे बसणार. वयस्कर माणसाला पाय सोडता येतात का ते बघायचंय. तुमच्याकडे कोणी वयस्कर आहे?"

"छे! कोणीच नाही," हेडक्लार्क म्हणाले.

"मी आहे की!" दारातून सासूबाई म्हणाल्या. त्या चपला घालूनच बाहेर आल्या होत्या.

"आई, रंग ओला आहे."

"दोन वर्षं ओलाच आहे, जावईबापू. आता मी कोरड्या बाजूने बसते."

गाडी निघाली. पुढे हेडक्लार्क आणि डॉक्टर, मागे सासूबाई आणि बायको. बायकोचं सगळं लक्ष खिडकीबाहेर, शेजारणी बघतायत की नाही याच्यावर. सासूबाईंचं लक्ष मात्र दोन सीटांच्या मधून सरळ गिअरवर गेलं आणि तिथेच राहिलं.

"मूठ काय सुरेख आहे हो!" डॉक्टर म्हणाले.

"ओरिजिनल," हेडक्लार्क म्हणाले.

"अगदी ओरिजिनल," मागून सासूबाईंनी दुजोरा दिला. "खालच्या बाजूला बारीकसा टवका असेल बघा. जिन्यात पडली होती."

डॉक्टरांनी बोट फिरवलं. टवका होता. "तुम्हाला कसं माहीत?"

"मला कुठलं माहीत असणार? मला हल्ली काही लक्षातच राहत नाही. हो की नाही, जावईबापू?" आणि क्षणभर थांबून, "आज वार कुठला?"

"गुरु... गुरुवार."

"शुक्रवार," सासूबाई म्हणाल्या. "औषध सुरू करायला हवं तुम्हाला."

हेडक्लार्कांनी गाडी वळवली. गाडी लवकर परत न्यावी म्हणून त्यांनी जवळचा रस्ता धरला. तो चढाचा होता, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. अर्ध्या चढावर बॉनेटखालून एक लांबलचक शिट्टी झाली.

"हे काय?" डॉक्टर दचकले.

"हॉर्न. ओरिजिनल हॉर्न."

"तुम्ही तर वाजवला नाहीत."

"तो... आपणहून वाजतो."

दुसरी शिट्टी झाली. रस्त्यावरचे लोक बाजूला झाले. तिसरी झाली आणि बायको खिडकीबाहेर बघता बघता, सवयीने ओरडली, "तीन झाल्या! गॅस बंद करा!"

मग आपण काय ऐकलं ते तिच्या ध्यानात आलं.

"थांबवा," बायको म्हणाली.

बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या झाकणावर कुकरची हरवलेली शिट्टी वाफ सोडत डुलत होती. बायको गाडीभोवती एक चक्कर मारून आली. "ही माझी चाळणी. हे घड्याळ. हा आरसा. आणि हा रंग! स्वयंपाकघराच्या चौथ्या भिंतीचा! शेड संपली म्हणून सांगितलंत ना मला?" मग तिची नजर गिअरवरच्या वडिलांच्या मुठीवर गेली. ती आईकडे वळली. "आई, मी तुला रोज वार विचारत होते गं."

"मला वाटायचं, मीच हळूहळू चाललेय," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "नाही ना गेले? मग झालं." भर रस्त्यात मायलेकी गळ्यात पडल्या. हेडक्लार्कांना मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि ते त्यांनी बोलूनही दाखवलं. पण त्याची तिथे कोणालाच गरज नव्हती.

डॉक्टरांनी बॅटरी खिशात टाकली. "असं बसवलेल्याला आम्ही कवळी म्हणतो. मीही बसवतो, पण तुमचेच दात आहेत असं नाही सांगत. काम मात्र फर्स्ट क्लास आहे. गाडी मी घेतो. अट एकच. मंडळाच्या प्रदर्शनात शेजारी खरी पाटी लावायची. कुठला भाग कोणाचा, ते."

पोर्चमध्ये त्याच संध्याकाळी सासूबाईंची आरामखुर्ची आली. दुसऱ्या गाडीचा विषय काढायची हेडक्लार्कांची छाती झाली नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी सर्वांत जास्त गर्दी याच गाडीपाशी होती. पाटी सासूबाईंच्या वळणदार अक्षरात, फळ्यावर लिहिल्यासारखी. मूठ, माझ्या यजमानांची. आरसा, चाळणी, शिट्टी आणि रंग, माझ्या मुलीचा. काच, घराची. छडी हातात घेऊन त्या स्वतः समजावून सांगत होत्या आणि लोक टाळ्या वाजवत होते. (सतराचा पाढाही उलटा म्हणून झाला. फर्माईश होती.) हेडक्लार्क बायकोची पर्स सांभाळत मडगार्डाजवळ उभे होते.

एका गृहस्थांनी कॅमेरा खाली घेऊन त्यांना विचारलं, "आणि यात तुमचं काय?"

हेडक्लार्कांनी पाटी वरपासून खालपर्यंत वाचली. मग पुन्हा एकदा वाचली.

"मी... जावई," ते म्हणाले.

"अस्सं," गृहस्थ म्हणाले. "मग जरा बाजूला होता का? गाडीचा फोटो घ्यायचाय."