कांबळेकाकांची चौकशी

आमच्या ऑफिसात 'पडणे' हे क्रियापद वापरायला बंदी होती. गिऱ्हाईक आत आलं, खुर्चीवर टेकलं आणि सवयीनं "मुंबईचं तिकीट कितीला पडंल वो?" म्हणालं, की काउंटरमागचे कांबळेकाका हातातलं पेन खाली ठेवत. "पावणं, विमानाचं तिकीट हाय हे. कितीला बसंल, असं म्हणायचं." गिऱ्हाईक हसायचं. काका हसायचे नाहीत. त्यांच्यासमोर पाऊस पडायचा नाही, यायचा. चहात साखर कमी पडायची नाही, नुसती कमी असायची. एकदा मी मालक असूनही "काका, जरा पडतो, डोकं दुखतंय" असं बोलून गेलो. त्यांनी असं काही पाहिलं माझ्याकडे, की मी दुखतं डोकं घेऊन संध्याकाळपर्यंत ताठ बसून राहिलो.

आता याला अंधश्रद्धा म्हणावं, तर काका पक्के बुद्धिवादी. सकाळी "जय भीम" म्हणत आत यायचे आणि शटरला बांधलेल्या माझ्या लिंबू-मिरचीकडे बघून, "शिकल्याल्या माणसाचं दुकान म्हणं हे!" असं मला ऐकू येईल इतपत पुटपुटायचे. मी एकदा उलट विचारलं, मग ते 'पडणे'चं काय? म्हणाले, "ती अंधश्रद्धा न्हाई. खबरदारी हाय."

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. शाहूपुरीत माझं बुकिंगचं छोटं ऑफिस होतं. आधी फक्त लक्झरी बसची तिकिटं विकायचो. मग एका स्वस्तातल्या विमान कंपनीनं कोल्हापूर ते मुंबई विमान सुरू करायचं ठरवलं आणि एजन्सी माझ्या गळ्यात आली. काउंटरवर अनुभवी माणूस हवा होता. कांबळेकाका नुकतेच एसटीतून निवृत्त झाले होते. तीस वर्षं चौकशीच्या खिडकीत काढलेली, पहिली निम्मी चंदगडला, उरलेली कोल्हापुरात. प्रवाशांशी बोलायची सवय असलेला माणूस म्हणून मी त्यांना ठेवून घेतलं. माझी अक्कल त्या दिवशी शेण खायला गेली होती.

पहिला दणका जाहिरातीच्या वेळी बसला. कंपनीनं घोषणा पाठवली होती, 'मुंबई आता गल्लीच्या टोकाला!' रिक्षावर भोंगा बांधून ती गावभर फिरवायची होती. कशाला कुणाला पैसे द्या, म्हणून मी काकांच्याच आवाजात कॅसेट भरून घेतली. काकांनी कंपनीचा मजकूर व्यवस्थित वाचला आणि शेवटी स्वतःच्या पदरचं जोडलं, "प्रवाशांनी उतरल्याबरोबर घरी फोन करावा. घरची माणसं घाबरलेली असतात. वयस्कर मंडळींनी घरच्यांशी नीट बोलून निघावं." राजारामपुरीपासून रंकाळ्यापर्यंत दिवसभर रिक्षा हे ओरडत फिरली. दुसऱ्या दिवशी तिघांनी बुकिंग रद्द केलं.

काका विमानाला भ्यायचे. स्वतः कधी बसले नव्हते, बसणारही नव्हते. दुसऱ्यांच्या वतीनं भ्यायचे. आणि त्यांच्या भीतीला हिशेब होता. "चंदगडला पावसाळ्यात गाडी लांबली, की मी फोन लावायचो. गडहिंग्लज सोडली का? सोडली. नेसरीला आली का? आली. मधी माणूस असतंय, मालक. हितं विमान एकदा उजळाईवाडीच्या विमानतळावरनं वर गेलं, की मधी इच्यारायचं कुणाला? ढगाला?"

म्हणून त्यांनी स्वतःची पद्धत काढली. काउंटरमागच्या भिंतीवर दोन खिळे ठोकले, एक वर, एक खाली. विमान सुटलं की त्या दिवशीच्या तिकिटांच्या प्रती वरच्या खिळ्याला. मग विमान उतरायच्या वेळेपासून काका एकेका प्रवाशाला फोन लावत. "उतरलासा न्हवं? काय न्हाई, निस्ती चौकशी." उतरल्याचं कळलं की प्रत खालच्या खिळ्याला. मोबाईल लागला नाही तर घरी फोन. वरचा खिळा रिकामा झाल्याशिवाय काका डब्याला हात लावत नसत.

गिऱ्हाइकांना सगळं समजावून सांगणं, हा आणखी एक ताप. आजऱ्याचे एक काजू कारखानदार आले होते. विमानतळावर बोर्डिंग पास घ्यावा लागेल, असं काकांनी सांगितलं. आमच्याकडे बोर्डिंग म्हणजे विद्यार्थ्यांचं वसतिगृह. ते गृहस्थ एकदम ओशाळले. "बोर्डिंगात होतो की चार वर्सं. पर पास न्हाई झालो." काकांनी त्यांना धीर दिला, बोर्डिंग पास म्हणजे काय ते सांगितलं, आणि ओघात, सीटखाली पाण्यावर तरंगायचं जाकीट असतं तेही सांगितलं. "पाणी मधी कुटं आलं वो?" "मुंबईला समुद्र हाय न्हवं." कारखानदार बसनं गेले.

हे सगळं मी पोटात घातलं. पण एका ठेकेदाराच्या बाबतीत प्रकरण हाताबाहेर गेलं. त्याचा मोबाईल बंद, म्हणून काकांनी घरी फोन लावला. "साहेब मुंबईत सुखरूप उतरले का? निस्ती चौकशी." पलीकडून बाई म्हणाल्या, "मुंबईत? ते तर सकाळीच जोतिबाला गेल्यात!" पुढं त्या घरात काय झालं मला माहीत नाही. ठेकेदारानं थेट कंपनीकडं तक्रार केली, एवढं माहीत आहे.

आठवड्यात कंपनीच्या एक तरुण मॅडम मुंबईहून आल्या. ग्राहकसेवेचे नवीन नियम घेऊनच आल्या होत्या. हसतमुख राहायचं. शेवटी 'आपला दिवस आनंदात जावो' म्हणायचं. अपघात, भीती, पडणे असले शब्द उच्चारायचे नाहीत. काका खूष. "बाई शिकल्याली हाय," म्हणून माझ्या कानाला लागले. मग मॅडमनी पुढचा नियम वाचला. एजंटानं प्रवाशांना किंवा त्यांच्या घरी फोन करायचा नाही. काही विचारायचं असेल तर प्रवासी हेल्पलाइनला विचारतील. पुन्हा तक्रार आली तर एजन्सी काढून घेऊ.

मॅडम गेल्यावर मी काकांना स्पष्ट सांगितलं. पुन्हा फोन झाला तर दुकान जाईल, माझं आणि तुमचंही. काका "बरं" म्हणाले. टेबलावरचा फोन स्वतः उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवला. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर दुपारभर ते घड्याळाकडे बघत बसायचे. चार वाजता तेच विमान मुंबईहून परत यायचं. त्याची घरघर ऐकू आली की काका रस्त्यावर जाऊन मान वर करून बघायचे. परत आलं म्हणजे तिकडं उतरलं होतं. मग आत येऊन सगळ्या प्रती एकदम खालच्या खिळ्याला लावायचे, आणि चार वाजता जेवायचे.

जुलैत माझी आई धाकट्या भावाकडे मुंबईला निघाली. वय सत्तर, विमानात पहिल्यांदाच, जवळ मोबाईल नाही. तिकीट काकांनीच लिहिलं. आई काउंटरवर दोन्ही हात टेकून मोठ्यानं म्हणाली, "काय वो कांबळे, पडत न्हाई न्हवं तुमचं इमान?" काकांचा चेहरा उतरला. पण आईला शब्द बदलायला सांगायची छाती त्यांनाही झाली नाही.

अकराला विमान गेलं. एक वाजता भावाचा फोन आला. "आई कुठाय? विमानच आलेलं नाही इथं."

मी हेल्पलाइनला फोन लावला. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, म्हणाली. मग गाणं. पुन्हा कॉल महत्त्वाचा. पुन्हा गाणं. दोन वाजले, तीन वाजले. आणखी दोन प्रवाशांच्या घरची माणसं ऑफिसात येऊन बसली; विमानातल्या कुणाचाच मोबाईल लागत नव्हता. त्यांनी मला विचारावं आणि मी फोनमधल्या गाण्याला विचारावं. माझे हात गार पडले होते. हो, पडले होते. आईची प्रत वरच्या खिळ्याला होती आणि माझी नजर तिथून हलत नव्हती. निघताना ती बॅगेची चेन लावून दे म्हणाली होती आणि मी घाईत "लाव की तुझी तू" म्हणालो होतो.

चार वाजले. काका रस्त्यावर उभे राहिले. आभाळात आवाज नव्हता. सव्वाचारला आत आले आणि माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

मी त्यांच्यावर उखडलो. "आता करा की फोन! एवढी खबरदारी तुमची!"

"कुणाला करू, मालक? मधी कोण न्हाईच."

मला लाज वाटली. थोड्या वेळानं मीच हळू आवाजात विचारलं, "काका, तुमचं कोणी असं गेलं होतं का? परत न आलेलं?" इतकं भ्यायला माणूस उगाच शिकत नाही, असं मला वाटत होतं.

"माझं?" ते गोंधळलेच. "माझं कोण जाणार? बायको आजारानं गेली, ईस वर्सं झाली. पोरबाळ न्हाई. माझं कोण कुटं गेलंच न्हाई कधी."

"मग लोकांसाठी एवढा जीव का टांगणीला लावता?"

काका तांब्याकडे बघत राहिले. "खिडकीत होतो तवा दिसभर माणसं इच्यारायची. गाडी आली का, आमची म्हातारी आली का. त्यांचं भ्या बघून मला वाटायचं, ह्यांचं बरं हाय. भ्यायला बी कोणतरी लागतंय की, मालक." हे त्यांनी इतकं ओशाळून सांगितलं, की मीच खाली बघितलं.

पाचला फोन वाजला. अनोळखी नंबर. मी रिसीव्हर उचलला आणि आईचा आवाज कानात घुसला, "आरं, मी गुजरातेत हाय!"

मुंबईवर ढग दाटले म्हणून विमान अहमदाबादला नेलं होतं, आणि इतका वेळ सगळ्यांना मोबाईल बंद ठेवून आतच बसवलं होतं. कुणाच्या तरी मोबाईलवरून ती बोलत होती. मी टेबलावर डोकं ठेवून रडलो, सगळ्यांसमोर. तिला त्याचं काही नाही. विमानात पाणीसुद्धा विकत देतात, बिस्किटाचा पुडा केवढ्याला, माणसं आहेत का कोण, असं तिचं चाललं होतं. बाकीच्यांची माणसंही धड आहेत म्हणाली. मग मध्येच थांबली.

"कांबळे हाईत का तितं? दे त्यास्नी."

काका उठून उभे राहिले. मी फोन दिला. आईचा आवाज असा, की रिसीव्हर कुणाच्याही कानाला असो, सगळ्या खोलीला ऐकू येतो.

"कांबळे, घाबरला असशीला. जेवलासा का न्हाई अजून?"

काकांचा डबा टेबलावर तसाच होता, गाठसुद्धा सोडलेली नव्हती. पलीकडून आई "हॅलो, हॅलो" करत होती.

"न्हाई, आक्का," ते कसेबसे म्हणाले. "आता जेवतो."

फोन मला परत द्यायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. रिसीव्हर छातीशी धरून ते तसेच खुर्चीत बसले, आणि त्यातून आई त्यांना अजून काहीतरी विचारतच होती.