नवशाचा नाचणीचा केक

नवशाचं वर्ष भरत आलं, तरी आईच्या दुधाशिवाय त्याने कशालाही तोंड लावलं नव्हतं. पेजेचा चमचा दिसला की पठ्ठ्या ओठ घट्ट मिटून घेई. नर्सबाई नलूताईंनी त्याच्या आईला, चंद्रकांताला बजावलं होतं, "वाढदिवसाला मी येतेय. तोवर हा खायला लागला नाही, तर पालघरच्या दवाखान्यात ठेवावा लागेल."

त्यात नवशाच्या बापाला, नामदेवला वाढदिवसाच्या केकचं खूळ लागलं. तो तारापूरला विजेच्या कारखान्याच्या बांधकामावर जाई आणि तिथल्या साहेबाच्या घरी त्याने केक पाहिला होता. नलूताईंनी नाक मुरडलं. "मैदा, डालडा, साखर आणि वर लाल रंग. यातलं काही बाळाला द्यायचं नाही."

"मंग केकात उरलं काय?" नामदेव म्हणाला.

उरलं ते चंद्रकांताने शोधलं: नाचणी, गूळ, पिकलेली केळी, नारळाचं दूध.

"आन जवळा?" सासू गोदूबाई म्हणाली. "कोळ्याच्या पोराला त्याबिगर चव लागंल काय?"

"ताईंनी हलकं द्या म्हणून सांगितलंय, आई."

अडलं ते डब्यापाशी. घरात गोल डबा एकच, आणि त्यात वर्षानुवर्षं सुका जवळा, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी भरलेली. चंद्रकांताने तो राखेने घासला, चिंचेने घासला, उन्हात तापवून पुन्हा घासला आणि शेजारच्या बायडीच्या नाकाखाली धरला.

"वास येतो काय गं?"

"कसला?" बायडीने विचारलं.

नवऱ्यानेही तेच विचारलं. त्यांच्या दांडी गावात अंगणोअंगणी मासळी वाळत असते. तिथे कुणाच्या नाकावर विसंबू नये, हे बिचारीच्या ध्यानातच आलं नाही. ती पाणी आणायला गेली तेवढा वेळ कालवलेलं पीठ गोदूबाईने सांभाळलं. मग तापल्या वाळूत डबा बसला, झाकणावर निखारे आले आणि केक झकास फुगला.

वाढदिवसाला आलेल्या नलूताईंनी कौतुकाने पहिला घास घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"छान आहे," त्या कशाबशा म्हणाल्या आणि उरलेला तुकडा रुमालात बांधून त्यांनी पर्समध्ये ठेवला. "हा घरी नेते."

चंद्रकांता काय ते समजली. तिने मुकाट्याने केक उचलून फळीवर ठेवला. वर्षभराची आशा फळीवर गेली, असंच तिला वाटलं. पालघरला जायचं तर बाळाची दुपटी काढायला हवीत, म्हणून ती आत वळली.

"अरे, हे काय?" नलूताईंचा आवाज आला.

नवशा रांगत पर्सपाशी पोचला होता. पर्समधला रुमाल सोडून त्याने तुकडा तोंडात कोंबला होता. तो संपताच त्याने आ वासला. चंद्रकांताने केक खाली काढला. दुसरा तुकडा गेला, तिसरा गेला. तिचे डोळे भरून आले.

"यात घातलंय तरी काय?" नलूताईंनी विचारलं.

"नाचणी, गूळ, केळी. बाकी डब्याचा वास, ताई. तीनदा धुतला, तरी गेला नाय."

"डब्याला बोल नको लावू," गोदूबाई शांतपणे म्हणाली. "डबा चकचकीत व्हता. मूठभर जवळा मीच कुटून टाकला."

नलूताई नवशाच्या हलत्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी वही काढली.

"पेजेत घालायचा तर किती घालायचा? मूठभरच?"

"हां. पन पोराच्या मुठीनं," गोदूबाई म्हणाली.

मोजायला नलूताईंनी नवशाची मूठ शोधली. ती पुन्हा त्यांच्या पर्समध्ये होती.